तुम्ही सुलटा केलेला माणूस

हनीफभाई, मी अकोल्याला पोचले तेव्हा तुम्हाला नेऊन झालं होतं. शमीमभाभींचा फोन सकाळी आला. अमरावतीच्या स्टँडवर पहिली मिळाली ती एसटी धरली, पण मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि दुसरी येईस्तोवर वेळ गेला. तुमच्या गल्लीत शिरले तर माणसं कब्रस्तानातून परतत होती. तुमचे मोठे भाऊ दारात उभे होते. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली आणि आत बायकांच्या खोलीकडे हात केला. त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. भाभींचा हात धरून बसले आणि शेवटच्या गाडीनं परत आले.

आज आठ दिवस झाले. बोलायचं राहिलेलं खूप आहे आणि त्यातलं एक तर तुमच्या तोंडावर बोलायची हिंमत मला कधीच झाली नसती. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही नांदगाव पेठेच्या आमच्या युनिटला आलात ती कापसाची वाईट वर्षं होती. शिलाईच्या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या बायका अशा होत्या, की त्यांनी जन्मभर कापूस वेचला होता आणि आता पहिल्यांदा त्या कापसाचं कापड हातात घेत होत्या. मी चेकिंगला होते. बी.ए. झालेली असल्यामुळे बायरचे इंग्रजी मेल वाचून दाखवणं आणि उत्तरं टाइप करणं हेही माझ्याच गळ्यात होतं. तुम्ही छपाईवर आलात, कंत्राटी. अकोल्यात तुम्ही पेंटर होतात. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, लग्नाच्या मांडवावरची नावं. मग फ्लेक्स आलं. "एका सालात हात रिकामे झाले, ताई," तुम्ही मला सांगितलं होतं. "ब्रश धुवून ठिवला अन् रबर धरला." रबर म्हणजे जाळीवरून शाई ओढायची ती पट्टी. तक्रारीचा सूर नव्हता. तुमच्या बोलण्यात तो कधीच नसायचा, आणि मला त्याचाच राग यायचा.

मग ती ऑर्डर आली. अमेरिकेतली एक छोटी कंपनी, एक वयस्क बाई चालवायच्या. आठ टी-शर्ट, आठ गायक. तिकडच्या दक्षिण भागात शंभरेक वर्षांपूर्वी काळ्या मजुरांनी जी गाणी म्हटली, ज्यांना ब्लूज म्हणतात, ती म्हणणारी पहिली पहिली माणसं. प्रत्येक शर्टाला एक जाड कागदाचा टॅग लावायचा होता आणि त्यावर त्या माणसाची चार ओळींत हकिकत. टॅगमधलं स्पेलिंग तपासायचं काम माझं. जेवणाच्या सुट्टीत मी टॅग वाचत बसले होते आणि तुम्ही डबा घेऊन समोर आलात.

"काय लिवलं हाय त्याच्यात?"

मी म्हटलं, "हे गाणारे लोक आहेत. गुलामांची नातवंडं. कापसाच्या शेतात काम करायचे."

तुमचा घास हातात राहिला. "कापसाच्या?"

"हो. जमीन गोऱ्या मालकाची, कष्ट यांचे. पीक अर्धं अर्धं."

"म्हंजे बटईवाले."

मी तो शब्द त्या लोकांना लावून पाहिला नव्हता. तुम्ही लावला आणि ते सगळे एकदम आमच्या अलीकडच्या गावात येऊन बसले.

"अन् बटईवाल्याचं तोंड हे लोक अंगावर घालतेत?" तुम्ही विचारलंत.

"पैसे देऊन घालतात."

तुम्ही डबा बाजूला ठेवलात, हात धुऊन आलात आणि म्हणालात, "एकेक वाचून दाखवा."

त्या दिवशी मी आठही वाचले. एक बाई दिवसा लोकांचे कपडे धुवायची आणि शनिवारी गायची. एक माणूस जन्मापासून आंधळा, रेल्वे स्टेशनच्या कोपऱ्यावर गिटार घेऊन बसायचा. एकाची फक्त दोन गाणी उरलीत, आणि त्याचा फोटो जगात कुठेच नाही. म्हणून त्याच्या शर्टावर एक रिकामी खुर्ची होती आणि खुर्चीवर टोपी. तो टॅग मी वाचला तेव्हा तुम्ही तो हातात घेऊन पाहिलात.

"फोटो नाई, तरी त्याच्या नावाचं कापड काढलं?"

"हो."

"सुभानअल्ला," तुम्ही हळूच म्हणालात.

पुढचे चार दिवस तुम्ही त्या खुर्चीवर घालवलेत. पायाची सावली नीट पडत नाही म्हणून जाळी दोनदा पुसलीत. मॅनेजर ओरडले, "हनीफ, खुर्चीच आहे ती." तुम्ही म्हणालात, "साहेब, मानूस तं नाईच. निदान खुर्ची तरी नीट बसली पायजे."

गाणं तुम्हाला मीच ऐकवलं. सायबर कॅफेतून मोबाइलवर भरून आणलं होतं, त्या आंधळ्या माणसाचं. युनिटच्या मागच्या लिंबाखाली आपण उभे होतो. गाण्यात खरखर इतकी होती की मला वाटलं मोबाइलच बिघडला. तुम्ही फोन कानाला लावलात आणि जागचे हलला नाहीत. शब्द तुम्हाला कळत नव्हते, मलाही निम्मे कळले नाहीत. गाणं संपल्यावर मी म्हटलं, "किती दुःखी आहे ना?"

"नाई ताई," तुम्ही म्हणालात. "हा रडून नाई राहिला. हा सांगून राहिला. काय झालं ते सांगते, अन् पुढं जाते."

मी इतकी पुस्तकं वाचलेली बाई. मला त्या गाण्यात हे ऐकू आलं नव्हतं.

आपलं भांडण मात्र तेव्हापासूनच सुरू झालं आणि ते आपण कधी मिटवलं नाही. मी म्हणायचे, चेहरा कपड्यावर छापणं हा काही मान नव्हे. माणूस तो शर्ट घालून घामेजणार, बायको तो आपटून धुणार, दोन वर्षांनी त्याचा पोछा होणार. मान द्यायचा तर भिंतीवर लावा, हार घाला. तुम्ही म्हणायचात, "भिंतीवरच्या फोटोपाशी वरसातून एकदा जाते मानूस. अंगावरचा तं संगं फिरते. बसमधी बसते, बजारात जाते." मी म्हणायचे, "आणि पोछा?" तुम्ही हसायचात. "त्याईनं कोनतं कोरं कापड घातलं होतं जन्मात?"

तुमच्या मोठ्या भावांचं म्हणणं आणखी निराळं. माणसांचे चेहरे काढणं त्यांना पसंत नव्हतं. तुम्ही त्यांच्याशी कधी वाद घातला नाहीत. पाच वेळा नमाज पढायचात आणि नमाजाच्या वेळी साधा पांढरा सदरा घालायचात, त्यावर रेघसुद्धा नसायची. एकदा मी विचारलं, तर म्हणालात, "तठी साधं जातो. बाकीचं तो समजून घेईन." एवढंच. मला वाटतं, त्या वाक्यात भीती होती आणि भरवसाही होता, आणि दोन्ही तुम्ही एकाच खिशात ठेवत होता.

आंधळ्या माणसाची फिल्म, म्हणजे जिच्यावरून छपाईची जाळी तयार होते ते पारदर्शक चित्र, सर्वांत शेवटी आली. जगात त्याचा एकच फोटो आहे असं टॅगवर लिहिलं होतं. कोट घातलेला, मांडीवर गिटार, मान थोडी वर. तुम्ही फिल्म खिडकीच्या उजेडात धरलीत आणि तशीच धरून राहिलात. मग मला हाक मारलीत.

"ताई, याचा कोट उलटा हाय."

मला काही दिसेना. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. "हे पाहा. मर्दानी कोटाची बटनं उजव्या अंगाले रायतेत, काजं डाव्या. डावा पल्ला वर येते. इथी उजवा पल्ला वर हाय. हा फोटोच पालटला हाय. कोन्या जमान्यात कोनी फोटोची काच उलटी ठिवली असन अन् मंग सगळ्याईनं तेच छापलं."

तुमचे वडील अकोल्यात कोट शिवायचे, ते मला तेव्हा समजलं. शाळेतून आल्यावर बटणं लावायचं काम तुमचं. हजारो बटणं लावली असतील.

मी म्हटलं, "गरीब माणूस. कोणी दिलेला बाईचा कोट असेल."

तुम्ही ते उडवून लावलं नाहीत. एक दिवस त्याचा विचार केलात. दुसऱ्या दिवशी आलात ते बोलतच आलात. "ताई, बाईचा कोट असू शकते, तुमचं बरोबर हाय. पन वरचा खिसा? तो बाईच्या कोटाले बी डाव्याच अंगाले रायते, काळजावर. याचा उजव्या अंगाले हाय."

आपण दोघं मॅनेजरकडे गेलो. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "डावखुरा असेल."

"डावखुरा मानूस बी कोट तसाच घालते, साहेब."

"बायरनं पाठवलं ते छापायचं. आपण विचारलं की ते आणखी दहा चुका काढणार, माल अडकणार. कापड कापून झालंय. वंदनाताई, याबद्दल मेल जाणार नाही."

बाहेर आल्यावर मी तुम्हाला सरळ सांगितलं, "हनीफभाई, सोडून द्या. या ऑर्डरवर तीस बायकांचा हंगाम आहे. शिलाईतल्या सुशीलाच्या घरी या वर्षी कापसाची बोंडं उघडलीच नाहीत. तिचा पगार थांबला तर काय सांगू मी तिला? बटणासाठी थांबला म्हणून?"

"म्हनून तं गुपचूप पालटवून नाई राहिलो," तुम्ही म्हणालात. "फिल्म उलटी ठिवली की झालं, कोनाले समजत बी नाई. पन माल वापस आला तं बायाईचं नुसकान. इचारून करू. तुमी लिवा."

"आणि नाही लिहिलं तर? कोणाला फरक पडतो? सगळं जग त्याला असाच पाहत आलंय."

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"ताई, त्याले दिसत नव्हतं. आपला फोटो कसा निघाला हे त्याले कधी समजलंच नाई. बाकीच्याईनं आपला फोटो पाह्यला असन, उलटा असता तं बोलले असते. हा कसा बोलन? याच्यासाठी कोनीतरी पाहावं लागन ना."

मी बरं म्हटलं. आणि मेल पाठवला नाही.

तुम्ही संध्याकाळी विचारलंत, गेला का? मी म्हटलं, नेट बंद आहे. दुसऱ्या दिवशी विचारलंत, मी म्हटलं, अजून बंदच आहे. नेट बंद नव्हतं, हनीफभाई. मी तुमच्या देखत कॉम्प्युटरवर बसून दुसऱ्या पार्टीचे मेल पाठवत होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही दाराशी आलात, हाताला निळी शाई, आणि म्हणालात, "चालू झालं का वो ताई?" त्यात जराही संशय नव्हता. उलट मला त्रास देतो आहोत म्हणून तुम्ही संकोचला होता. तुम्ही रागावला असता तर मी आणखी आठ दिवस खोटं बोलू शकले असते. पण तुमच्या त्या विश्वासापुढे माझ्याच्यानं उभं राहवेना. युनिट सुटल्यावर मी अमरावतीत सायबर कॅफेत गेले आणि माझ्या स्वतःच्या मेलवरून त्या बाईंना लिहिलं. बटणं, पल्ला, खिसा, सगळं. आमच्या छपाईवाल्या कारागिराच्या लक्षात आलं, एवढंच लिहिलं. तुमचं नाव तेव्हा का लिहिलं नाही ते मलाही सांगता येणार नाही. घाईत होते. घाबरलेली होते.

दुसऱ्या दिवशी उत्तर मात्र ऑफिसच्या मेलवर आलं. त्यांनी लिहिलं होतं, की तुमचं पत्र वाचून मी कपाटातून माझ्या वारलेल्या नवऱ्याचा कोट काढला, पलंगावर पसरला आणि शेजारी तो फोटो ठेवला. तुमचा माणूस बरोबर आहे. मी वीस वर्षं हा चेहरा पाहते आहे, पुस्तकांत, पोस्टरवर, आणि माझ्या अंगावरही. आम्हा सर्वांना डोळे होते. कृपा करून त्याला सुलटा करा. माल दहा दिवस उशिरा आला तरी चालेल.

बायरच म्हणते आहे म्हटल्यावर मॅनेजरांनी अडवलं नाही. मी ते वाचून दाखवलं तेव्हा हॉलमधल्या मशिनी थांबल्या होत्या. सुशीला म्हणाली, "अमेरिकेची बाई हनीफभाऊचं आयकते!" तुम्ही सरळ जाळीकडे गेलात. आम्ही सगळ्या मागून आलो. तुम्ही फिल्म पालटलीत, जाळी उजेडाला लावलीत, धुतलीत, आणि पहिला शर्ट पाट्यावर चढवून रबर ओढलात. जाळी उचललीत. आणि तो माणूस, हनीफभाई, खरोखर निराळा दिसला! मान दुसरीकडे वर झालेली, गिटारचा दांडा दुसरीकडे. आधी तो आमच्याकडे पाठ वळवून निघाल्यासारखा वाटायचा, आता तो आत येत होता. शंभर वर्षांत त्याला असा बघणारी आम्ही बहुतेक पहिली माणसं होतो, नांदगाव पेठेत, शाईच्या वासात. मी सुशीलाकडे पाहिलं तर तिनं पदर डोक्यावर घेतला होता.

आता ते सांगते, जे तुमच्या तोंडावर सांगू शकले नाही.

त्या बाईंनी दुसऱ्या मेलमध्ये विचारलं होतं, ज्यानं हे पाहिलं त्याचं नाव काय? मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "लिहा, आमच्या क्वालिटी टीमनं पाहिलं." मी टाइप केलं. पाठवलं. तुम्ही संध्याकाळी विचारलंत, "काय लिवलं ताई?" आणि मी म्हटलं, "तुमचं नाव लिहिलं. शेख हनीफ, अकोला."

तुमचा चेहरा अजून माझ्यासमोर आहे. तुम्ही वळून नळावर गेलात आणि नुसतेच हात धुत राहिलात. नंतर तुम्ही ते सगळ्यांना सांगितलं. चहावाल्याला सांगितलं. अकोल्यातल्या गल्लीत सांगितलं. माझं नाव वंदनाताईनं अमेरिकेत लिहून पाठवलं.

महिनाभरानं त्या बाईंचं कार्ड आलं. मॅनेजरांनी ते नोटीस बोर्डावर लावलं. हातानं, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, इंग्रजीत: क्वालिटी टीमला, मनापासून आभार. मी मनात म्हटलं, हनीफभाईंना इंग्रजी येत नाही. आणि तुम्ही बोर्डासमोर उभे राहिलात, पाहिलंत, आणि म्हणालात, "बाईचं अक्षर सुंदर हाय."

पुढच्या हंगामात छपाईचं मशीन आलं आणि तुमचं कंत्राट संपलं. तुम्ही सगळ्यांना पेढे देऊन गेलात. काढून टाकलेला माणूस पेढे वाटतो हे मी तेवढं एकदाच पाहिलं. नंतर फोन असायचे. ईदला, दिवाळीला. सुलट्या माणसाचा एक शर्ट मी घरी ठेवून घेतला होता. तुम्ही विचारायचात, "पोछा झाला का त्या शर्टाचा?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही." घरीच थोडंफार छापतो, एवढंच तुम्ही सांगायचात. काय छापता, हे मी कधी विचारलं नाही.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पुन्हा अकोल्याला आले. कुराणखानीचं पठण संपलं होतं, बायका पांगत होत्या. शमीमभाभी म्हणाल्या, "ताई, वो हमेशा बोलते थे, वंदनाताईनं माझं नाव अमेरिकेत लिवलं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाभी, मी नव्हतं लिहिलं. मी खोटं बोलले त्यांच्याशी."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मालूम था उनको."

"काय?"

"कार्ड पे नाव नव्हतं ना. इंग्लिश पढना नहीं आता था, लेकिन अक्षर तो पेंटर के थे. 'क्वालिटी' कितनी दुकानों पे लिखा उन्होंने. क्वालिटी स्वीट, क्वालिटी ड्रायक्लीन. घर आके मेरे को बोले, ताईनं नाई लिवलं, साहेबाचं भेव असन. पन तिले बोलू नको. मी सगळ्याईले सांगतो, तिनंच लिवलं म्हनून, म्हंजे तिले बरं वाटन."

इतकी वर्षं, हनीफभाई? गल्लीभर सांगत फिरलात ते माझ्यासाठी? मी तुम्हाला भोळे समजत होते. आंधळ्या माणसाची उलटी बटणं ज्याला दिसली त्याला माझं खोटं दिसणार नाही, असं मला वाटलंच कसं?

परवा मी त्या बाईंना पत्र लिहिलं. कंपनी आहे की नाही, त्या आहेत की नाही, काही माहीत नाही. मेल परत आला नाही, एवढंच. त्यात तुमचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, ते कोट शिवायचे हेही लिहिलं. याला प्रायश्चित्त वगैरे म्हणत नाही. उशिरा केलेलं काम आहे, झालं.

पण तिसऱ्या दिवसाची गोष्ट अजून संपलेली नाही, आणि ती तुम्हाला कळायलाच हवी.

मी भाभींसमोर रडत होते तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. ऐंशीची असेल. हिरवं लुगडं, पायात रबरी चपला, हातात पिशवी. आणि लुगड्यावरून तिनं टी-शर्ट घातला होता. पांढरा, गुडघ्यापर्यंत आलेला. त्यावर एका बाईचा चेहरा, निळ्या शाईत. गाल आत गेलेले, तोंड उघडं, गाणं म्हणताना असतं तसं. मी चेहऱ्याकडे पाहिलं, मग म्हातारीकडे पाहिलं. तीच होती.

"हनीफ पेंटरचं घर हेच काय?"

भाभींनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. गंगुबाई नाव. अकोटच्या पुढच्या एका खेड्यातून दोन गाड्या बदलून आली होती. ती सांगायला लागली. कापूस वेचताना ओळीच्या पुढं राहून गाणं उचलणारी बाई ती. तिनं म्हणायचं, मागच्या बायकांनी झेलायचं. चाळीस वर्षं. आता गावात कापूसही पहिल्यासारखा नाही आणि तिला वाकताही येत नाही. एक दिवस हनीफ नावाचा माणूस एसटीतून उतरला आणि विचारत विचारत तिच्या ओट्यावर आला. गाणं ऐकायचं म्हणाला. दुपारभर ऐकलं. फोटो काढला. महिन्याभरानं परत आला तो हे घेऊन.

"मी म्हतलं, हे काय रे बापा? तं म्हने, माय, तुमीच हाव. पैसे नाई घेतले. म्या त्याले म्हतलं, मले तं वाटे मेल्यावरच फोटो लावतेत. तं म्हने, म्हनूनच आलो, जित्तेपनी पाहून घ्या. बरोबर निघाला का सांगा. चुकला असन तं पालटवून देतो."

मी भाभींकडे पाहिलं. भाभी म्हणाल्या, असे पुष्कळ केले. एकाचा एकच. दर्यापूरकडचे एक भजनी बुवा, बाळापूरचे एक कव्वाल, एक भीमगीतं म्हणणारे, एक दंडारीच्या खेळातला नाच्या. कुठून तरी नाव कळायचं, एसटीत बसायचे, जायचे. किती झाले, त्यांनी कधी मोजले नाहीत.

मी तुम्हाला म्हटलं होतं, सातासमुद्रापलीकडच्या माणसाचा कोट उलटा छापला तर कोणाला फरक पडतो. आणि तुम्ही ते काम इथे, एसटीच्या टप्प्यात, माझ्या शेजारच्या गावांत करत होता, आणि फोनवर म्हणत होता, घरीच थोडंफार छापतो.

गंगुबाईनं खोलीभर नजर फिरवली. "दोन गानी म्हनू का?" तिनं विचारलं. "त्याले आवडत होतं."

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. मयतीच्या घरात, तिसऱ्याच दिवशी, गाणं. आतल्या दारापाशी तुमचे मोठे भाऊ उभे होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी म्हातारीच्या अंगावरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ते बाहेर गेले आणि ओट्यावर बसलेल्या माणसांना म्हणाले, "जरा चूप बैठो."

भाभी म्हणाल्या, "म्हना माय."

गंगुबाईनं शर्टाची बाही वर सारली, डोळे मिटले आणि गाणं उचललं. ते दुःखाचं गाणं नव्हतं. पहाटे शेतावर जाताना म्हणतात तसलं होतं. पहिल्या कडव्याला ती एकटीच होती. दुसऱ्या कडव्याला मागून कोणीतरी ओळ झेलली, आणि मला कळायला थोडा वेळ लागला, की तो आवाज माझा होता.